क्लायंट म्हणाला, "मी तिला सोडणार नाही." आता थेरपिस्टनं कोणाला सांगायचं?

रानजाई (धागाकर्ती)

"थेरपिस्टला काहीही सांगा, ते त्याच्यापाशीच राहतं," असं परवा दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी ठामपणे लिहिलेलं वाचलं. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. मी कॅलिफोर्नियात थेरपिस्ट आहे, दहा वर्षं झाली. पहिल्या भेटीत क्लायंटपुढे जे कागद ठेवते त्यात गोपनीयतेच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. त्यातली एक अशी: ओळखता येईल अशा एखाद्या माणसाला गंभीर इजा करण्याची धमकी तुम्ही माझ्यासमोर दिलीत, तर ती माझ्यापाशी राहणार नाही. बहुतेक जण न वाचताच सही करतात, म्हणून तेवढं मी मोठ्यानं वाचून दाखवते.

हा नियम एका मुलीच्या खुनातून आला. तिचं नाव टाटियाना तारासॉफ. बर्कलीच्या विद्यापीठात भारतातून जहाजबांधणी शिकायला आलेल्या एका तरुणाची आणि तिची १९६८ साली लोकनृत्याच्या वर्गात ओळख झाली. नव्या वर्षाच्या आदल्या रात्री तिनं त्याचं चुंबन घेतलं आणि त्यानं त्याचा अर्थ आपलं ठरलं असा घेतला. तिच्या मनात तसं काही नव्हतं, तिनं ते स्पष्ट सांगितलं. तो पार ढासळला. १९६९ च्या उन्हाळ्यात ती ब्राझीलला गेली आणि इकडे मित्राच्या आग्रहावरून तो विद्यापीठाच्या रुग्णालयात मानसोपचार घ्यायला लागला. तिथल्या मानसशास्त्रज्ञाला त्यानं सांगितलं की ती परत आली की मी तिला मारणार आहे. नाव घेतलं नाही, पण कोणाबद्दल बोलतोय ते कळण्यासारखं होतं.

तो मानसशास्त्रज्ञ गप्प बसला नाही, हे बरेच जण विसरतात. त्यानं विद्यापीठाच्या पोलिसांना आधी तोंडी आणि मग पत्र लिहून कळवलं की याला तपासणीसाठी दाखल करायला मदत करा. पोलिसांनी त्या तरुणाला ताब्यात घेतलं. तो शुद्धीवर आहे, नीट बोलतोय, तिच्यापासून लांब राहीन म्हणतोय, एवढ्यावर सोडून दिलं. मग विभागप्रमुखांनी पोलिसांकडून ते पत्र परत मागवलं, पत्राच्या प्रती आणि उपचारांच्या नोंदी नष्ट करायला सांगितल्या, आणि दाखल करण्यासाठी काहीही करू नये असं बजावलं. तरुणानं उपचार सोडले. नंतर तो टाटियानाच्या भावाबरोबर एका घरात राहायलाही लागला. भावाला काही माहीत नव्हतं. तिला नव्हतं. आईवडिलांना नव्हतं. २७ ऑक्टोबर १९६९ ला त्यानं तिच्या घरी जाऊन तिला मारलं.

धमकी नोंदली गेली २० ऑगस्टला. मधे ६८ दिवस होते. मी हे आकडे अनेकदा मोजले आहेत. ६८ दिवसांत एक फोन होऊ शकला असता.

आईवडिलांनी विद्यापीठावर दावा लावला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७४ मध्ये म्हटलं की थेरपिस्टवर सावध करण्याचं कर्तव्य आहे. मानसोपचार क्षेत्रातून इतका विरोध झाला की न्यायालयानं प्रकरण पुन्हा ऐकलं आणि १ जुलै १९७६ ला नवा निकाल दिला. त्यात शब्द बदलला: कर्तव्य संरक्षण करण्याचं. सावध करणं हा त्यातला एक मार्ग. न्यायमूर्ती टोब्रिनर यांच्या निकालपत्रातल्या एका ओळीचा आशय असा की जिथे लोकांना धोका सुरू होतो तिथे गोपनीयतेचं कवच संपतं. आमच्या अभ्यासक्रमात ही ओळ सगळ्यांना तोंडपाठ असते.

आता माझी हकिगत. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे, चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

मी तेव्हा नवशिकी होते, परवाना मिळायचा होता, सुपरवायझरच्या हाताखाली काम करायचे. क्लायंट मराठी, सेशन मराठीतच चालायचं. घटस्फोट होऊन वर्ष झालेलं. एके दिवशी तो अगदी शांतपणे म्हणाला, "मी तिला सोडणार नाही." आपल्याकडे दिवसातून दहा वेळा कोणी ना कोणी हे म्हणतं. आई मुलाला म्हणते, "थांब, आज तुझा जीवच घेते." ऐकणाऱ्याचा चहाचा कपसुद्धा हलत नाही. म्हणून मी विचारलं, सोडणार नाही म्हणजे काय करणार? तो म्हणाला, पिस्तुलाचे पैसे भरलेत, परवा ताब्यात मिळेल. शनिवारी ती मुलाला सोडायला येते.

कॅलिफोर्नियात बंदूक विकत घेतली तरी दहा दिवस ती हातात मिळत नाही. त्याचे आठ झाले होते.

तो गेल्यावर मी पोलिसांना फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, नेमके शब्द काय होते? मी इंग्रजीत शब्दशः सांगून टाकलं आणि त्याचा अर्थ झाला, मी तिच्यापासून दूर जाणार नाही. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "यात धमकी कुठे आहे?" तेव्हा मला घाम फुटला. मग शब्द बाजूला ठेवून पिस्तूल, परवा, शनिवार, मुलाला सोडायची वेळ, असं एकेक सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मी फोन ठेवला आणि खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. आपलं काम झालं.

सुपरवायझरनं एकच प्रश्न विचारला, "तिला कळवलंस?"

म्हटलं, पोलीस कळवतील ना. ती म्हणाली, १९६९ मध्येही पोलिसांना कळवलं होतं.

फाइलमध्ये लग्न टिकून असतानाचा नंबर होता, तो बंद. दुसरा सापडला, त्यावर व्हॉइसमेल. व्हॉइसमेलवर असं काही ठेवता येत नाही, तो कोण ऐकेल काय माहीत. फक्त नाव आणि "तातडीचं आहे" एवढंच. तीन वेळा केला. संध्याकाळी सहा वीसला तिनं उचलला.

अमेरिकेतली बाकी राज्यं, इतर देश, अनुभव, आक्षेप, सगळं येऊ द्या.

कोरडा_पाऊस

वाचून हात थांबले. एक विचारतो, तिला कळवायचं हे कायद्यातच लिहिलं आहे की सुपरवायझर चांगली होती म्हणून झालं?

तळटीप

कायद्याचं थोडं सांगतो, माझं कामच ते आहे.

कॅलिफोर्नियानं १९८५ मध्ये दिवाणी संहितेत कलम ४३.९२ घातलं. रुग्णानं ओळखता येईल अशा व्यक्तीविरुद्ध गंभीर शारीरिक हिंसेची धमकी थेरपिस्टला कळवली असेल, तरच संरक्षणाची जबाबदारी येते. आणि त्या व्यक्तीला *आणि* पोलिसांना कळवण्याचा वाजवी प्रयत्न केला, की थेरपिस्टवर भरपाईचा दावा टिकत नाही. यातला "आणि" महत्त्वाचा. फक्त पोलिसांना सांगून हे कवच मिळत नाही. तेव्हा सुपरवायझर चांगली होतीच, पण ती कायदाही बरोबर सांगत होती.

"ओळखता येईल अशी" या शब्दांवर बराच कीस पडला आहे. १९८० च्या एका खटल्यात सुटका होण्याआधी एका अल्पवयीन मुलानं म्हटलं होतं की वस्तीतल्या कुठल्यातरी लहान मुलाला मारीन. घरी सोडल्यावर दिवसाच्या आत त्यानं खरंच मारलं. कॅलिफोर्नियाचं न्यायालय म्हणालं, नेमकं कोण ते ठाऊक नव्हतं, म्हणून सावध करण्याचं कर्तव्य नव्हतं. मला हा निकाल आजही पचत नाही. संपूर्ण वस्तीला काय सांगणार हा प्रश्न खरा आहे, पण ज्या घरी त्याला पाठवलं त्या घराला तरी?

उलट २००४ मध्ये त्याच राज्यातल्या अपील न्यायालयानं व्याप्ती वाढवली. धमकी रुग्णानं स्वतः नाही, त्याच्या वडिलांनी थेरपिस्टला कळवली होती. न्यायालय म्हणालं, उपचारांच्या संदर्भात जवळच्या नातेवाइकानं दिलेली माहितीही धरायची.

आणि हे सगळं एका राज्याचं. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये असं कर्तव्य मानायला साफ नकार दिला. तिथे पोलिसांना किंवा वैद्यकीय व्यक्तींना सांगायची मुभा आहे, सक्ती नाही, आणि ज्याच्या जिवाला धोका आहे तो माणूस त्या यादीतच नाही. वॉशिंग्टन राज्यात २०१६ च्या निकालानं दुसरं टोक गाठलं: रुग्णानं कोणाचं नाव घेतलं नसलं तरी ज्यांना धोका असल्याचा अंदाज करता येईल अशा लोकांबाबतही जबाबदारी येऊ शकते. व्हरमाँटमध्ये १९८५ साली माणूस नव्हे तर कोठार जाळण्याच्या धमकीवरून समुपदेशन केंद्र जबाबदार धरलं गेलं. तेव्हा "अमेरिकेत असा नियम आहे" असं कोणी म्हणालं, तर पहिला प्रश्न: कुठल्या राज्यात?

गारवेल

मी मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला हा विषय एका तासात उरकला. सावध करणं आणि संरक्षण करणं यात नेमका फरक काय, हे मी परीक्षेत लिहून आले, पण कळलं होतं असं म्हणवत नाही. रानजाईताई, प्रत्यक्ष कामात हा फरक कुठे जाणवतो?

रानजाई

गारवेल, खुर्चीत बसल्यावर जाणवतो. फक्त सावध करायचं असेल तर दोन फोन केले की झालं. संरक्षण करायचं असेल तर आधी समोरच्या माणसाकडे बघावं लागतं. त्याचा राग आत्ता किती वर आहे? दारू चालू आहे का? हत्यार हाताशी आहे का, ते काही दिवस दुसऱ्या कोणाकडे ठेवता येईल का? उद्या परत भेटता येईल का? औषध देणाऱ्या डॉक्टरशी बोलायचं का? गरज पडली तर त्याच्या इच्छेविरुद्धही ७२ तासांसाठी दाखल करणं, ज्याला इथे सगळे "फिफ्टी-वन-फिफ्टी" म्हणतात. तसं दाखल करू देणारा कायदा १ जुलै १९६९ ला अमलात आला होता, म्हणजे टाटियानाच्या प्रकरणात तो हाताशी होता आणि नेमका तोच वापरायचा नाही असा आदेश निघाला.

बऱ्याच वेळा एवढं केलं की धमकी धमकी राहत नाही. माणूस रडतो, बोलतो, घरी जातो. तेव्हा कोणालाही फोन करावा लागत नाही, आणि तेही संरक्षणच.

माझ्या त्या क्लायंटच्या वेळी मी यातलं काहीच केलं नव्हतं. घाबरले होते. सेशन वेळेवर संपवलं, "पुढच्या मंगळवारी भेटू" म्हणाले, आणि तो गेल्यावर फोनला हात घातला. पिस्तूल त्याच्या हाती पडलं नाही ते दुसऱ्या एका कायद्यामुळे. अशी धमकी कळली की थेरपिस्टनं २४ तासांत स्थानिक पोलिसांना कळवायचं, आणि त्या माणसाला पाच वर्षं बंदूक बाळगता येत नाही. त्याचं दुकानातलं पिस्तूल दुकानातच राहिलं.

सरळरेषा

माझा विरोध आहे, आणि तो मनापासून आहे.

१९७६ मध्ये मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनांनी न्यायालयाला सांगितलं होतं की कोण हिंसा करेल हे आम्हाला खात्रीनं सांगता येत नाही. न्यायालयानं उत्तर दिलं की या प्रकरणात तर तुमच्या माणसानं ओळखलंच होतं. ठीक. पण कायदा एका प्रकरणापुरता राहत नाही. न्यायमूर्ती क्लार्क यांनी विरोधी मतात लिहिलं होतं की गोपनीयतेची खात्री गेली की लोक उपचाराला येणार नाहीत, आले तर मोकळे होणार नाहीत, आणि हिंसा कमी होण्याऐवजी वाढेल. २०१४ मध्ये कायदा आणि अर्थशास्त्र विषयाच्या एका नियतकालिकात राज्याराज्यांची तुलना करणारा अभ्यास आला. सक्तीचा कायदा असलेल्या राज्यांत खुनांचं प्रमाण सुमारे ५ टक्क्यांनी वाढल्याचा त्याचा निष्कर्ष होता. एका अभ्यासावर सगळं ठरत नाही, मान्य. पण क्लार्क यांची भीती हवेतली नव्हती एवढं तरी मानाल?

ज्याच्या मनात खून आहे त्यानं बोलण्यासाठी जगात एक तरी जागा असायला हवी. ती जागाच पोलिसांना जोडून टाकली तर तो बोलणार कुठे?

उंबरठा

सरळरेषा यांच्याशी मी अर्धी सहमत आहे, आणि त्याचं कारण माझं स्वतःचं आहे. हे मी आजवर कुठेच लिहिलेलं नाही.

बाळ सहा आठवड्यांचं असताना माझ्या डोक्यात विचार यायला लागले. जिन्यावरून उतरताना वाटायचं, आत्ता हात सोडला तर. स्वयंपाकघरात सुरी दिसली की अंगावर काटा यायचा, मी सुऱ्या वरच्या कपाटात, कापडात गुंडाळून ठेवल्या होत्या. बाळाला अंघोळ घालायला मी नवऱ्याला सांगायचे, हात दुखतोय असं खोटं सांगून. थेरपिस्टकडे जात होते, पण तो कागद मी वाचला होता. "दुसऱ्याला इजा" हे शब्द वाचले आणि ठरवलं, हे बोलायचं नाही. बोलले तर बाळ घेऊन जातील. सात महिने दर आठवड्याला मी तिथे बसून झोप लागत नाही, भूक लागत नाही एवढंच सांगत होते.

रानजाई

उंबरठा, लिहिलंत यासाठी मनापासून आभार. आधी तुम्हाला उत्तर देते, सरळरेषांना नंतर.

तुम्ही वर्णन केलंत ती धमकी नाही. कायद्याच्या भाषेत नाही आणि वैद्यकीय भाषेतही नाही. नको असताना घुसणारे हे विचार बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना येतात. ओसीडीमध्ये, म्हणजे नकोसे विचार पुन्हा पुन्हा छळत राहतात त्या आजारात, तर ते ठाण मांडून बसतात. त्यांची खूण तुम्हीच लिहिली आहे: तुम्ही सुऱ्या लपवल्यात. ज्याला मारायचं असतं तो हत्याराच्या जवळ जातो. तुम्ही लांब पळत होतात. विचार आल्यावर तुम्हाला भीती वाटत होती, किळस येत होती. हे ओळखणं थेरपिस्टचं काम आहे, आणि ते ओळखल्यावर कोणालाही कळवायचं नसतं. उपचार करायचे असतात, आणि त्यांना गुण येतो.

वेगळी गोष्ट असते ती बाळंतपणानंतरच्या सायकोसिसची, जिथे आईला ते विचार खरे आणि योग्य वाटायला लागतात, आवाज ऐकू येतात. ती आणीबाणी असते आणि तिथे ताबडतोब दाखल करावं लागतं. या दोन गोष्टींची गल्लत करणारे थेरपिस्ट आहेत, हे मी नाकारत नाही. अशा गल्लतीपायी एखाद्या घरी बाल-संरक्षणवाले येऊन धडकतात आणि ती आई पुन्हा कधीही कोणाला काही सांगत नाही. हा अपराध आमच्या व्यवसायाचा आहे.

म्हणून तो कागद नुसता सहीसाठी पुढे सरकवणं मला चुकीचं वाटतं. तुमच्या थेरपिस्टनं त्या दिवशी फक्त एवढं म्हटलं असतं, "डोक्यात येणारे विचार आणि करायचा बेत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, विचार तुम्ही निर्धास्त सांगू शकता," तर सात महिने गेले नसते.

सरळरेषा, क्लार्क यांचं म्हणणं खोटं नाही. बोलायला जागा हवी हे मला तुमच्याइतकंच वाटतं. पण टाटियानाच्या बाबतीत ती जागा कुठल्या फोननं मोडली ते बघा. तिला फोन झालाच नाही. पोलिसांना झाला, त्या तरुणाच्या पाठीमागे झाला, आणि तो उपचार सोडून गेला. म्हणजे बोलण्याची जागाही गेली आणि मुलगीही गेली. गोपनीयता मोडायची किंमत पुरेपूर भरली आणि बदल्यात काहीच मिळालं नाही.

सरळरेषा

हे मी या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं. विरोध मागे घेत नाही, पण विचार करतो.

पाणवठा

मी दुसऱ्या टोकाला होते. मला असा फोन आला होता.

चार वर्षं झाली. ऑफिसमधून निघून गाडीत बसले होते, पट्टा लावत होते. अनोळखी नंबर. एक बाई शांत आवाजात म्हणाल्या की मी थेरपिस्ट आहे, तुमच्या माजी नवऱ्यानं आज तुम्हाला गंभीर इजा करण्याबद्दल बोलून दाखवलं आहे, मी पोलिसांनाही कळवलं आहे. मी विचारलं, काय म्हणाला? त्या म्हणाल्या, याहून जास्त सांगता येणार नाही. मी विचारलं, कधी? त्या म्हणाल्या, तारखेचा उल्लेख नव्हता. मग दोघीही गप्प. मला आठवतं ते एवढंच, की पट्ट्याचं टोक माझ्या हातातच होतं आणि ते खाचेत बसत नव्हतं.

त्या बाईंचा मला राग नाही. त्यांच्यामुळे मी त्या रात्री घरी गेले नाही, बहिणीकडे गेले. पुढच्या आठवड्यात न्यायालयातून त्याला जवळ येण्यास मनाई करणारा आदेश मिळवला. पण फोन ठेवल्यावरची ती वीस मिनिटं... गाडी चालू करायची की नाही, तो पार्किंगमध्येच असेल का, कोणाला विचारायचं, काही कळत नव्हतं. रानजाई, तुम्ही लोक एवढं कमी का सांगता?

रानजाई

पाणवठा, तुम्ही सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं.

कमी सांगतो कारण धोका टाळायला लागेल तेवढंच सांगायची परवानगी असते. त्याचं बालपण, त्याचं निदान, त्याची औषधं, बाकी काय काय बोलला, हे त्याचंच राहतं. पण "याहून जास्त सांगता येणार नाही" म्हणून तुम्हाला गाडीत एकटं सोडणं हे नियमानं सांगितलेलं नाही. धोक्याबद्दल जे माहीत आहे ते सांगता येतं: हत्याराचा उल्लेख होता का, जागेचा होता का, तो आत्ता कुठे आहे हे माहीत आहे का. आणि पुढे काय करायचं हे सांगायला तर कोणाचीच हरकत नाही.

मी पहिल्या वेळी तुमच्या त्या बाईंसारखाच फोन केला होता. आता मी फोन करण्याआधी कागदावर लिहून घेते. पोलिसांच्या नोंदीचा क्रमांक. कोणत्या ठाण्याशी बोलायचं. कौटुंबिक हिंसाचारासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर. फोनवर पहिला प्रश्न विचारते, "तुम्ही आत्ता कुठे आहात, बसलेल्या आहात का, गाडी चालवत नाही ना?" आणि शेवटचा, "आज रात्री कोणाकडे जाल?" याचं उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवत नाही.

कोरडा_पाऊस

तळटीप, अमेरिकेबाहेर काय आहे? भारतात?

तळटीप

थोडक्यात. बहुतेक ठिकाणी सांगण्याची *मुभा* आहे, अमेरिकेसारखी *सक्ती* कमी दिसते. इंग्लंडमध्ये १९८९ साली एग्डेल नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाचं प्रकरण गाजलं. पाच जणांचा जीव घेतलेल्या रुग्णाच्या वकिलांनी त्यांच्याकडून अहवाल मागवला. अहवाल प्रतिकूल आला म्हणून वकिलांनी तो दाबला, तेव्हा डॉक्टरांनी तो रुग्णालयाला दिला. अपील न्यायालयानं डॉक्टरांची बाजू योग्य ठरवली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये तीन कसोट्या सांगितल्या: धोका स्पष्ट व्यक्तीला किंवा गटाला आहे का, तो मृत्यूचा किंवा गंभीर इजेचा आहे का, आणि तो लवकरच घडेल असा आहे का.

भारतात मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे आणि तिथेच अपवादही आहेत. दुसऱ्या व्यक्तीचं इजेपासून किंवा हिंसेपासून रक्षण करण्यासाठी आवश्यक असेल तर माहिती देता येते, पण त्या धोक्यापुरती आवश्यक तेवढीच. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांतही एखाद्या विशिष्ट व्यक्तीला गंभीर धोका असेल तर अपवाद आहे. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाबाबत मात्र मुभा नाही, पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणं सगळ्यांनाच बंधनकारक, थेरपिस्टलाही. थेरपिस्टनं संभाव्य बळीला फोन केलाच पाहिजे असं या कलम २३ मध्ये लिहिलेलं नाही. कोणी नवा कायदा करणार असेल तर तो "आणि" उचलावा असं मला वाटतं. पोलीस *आणि* ती व्यक्ती.

गारवेल

उद्या वर्गात हा धागा दाखवणार आहे, चालेल ना?

रानजाईताई, एक राहिलंच. तो पहिला क्लायंट. "पुढच्या मंगळवारी भेटू" म्हणाला होतात. तो आला?

रानजाई

दाखव, चालेल.

नाही आला. माझ्या तोंडून त्याला काहीच कळलं नव्हतं, पोलीस दारात आले तेव्हा कळलं. त्याच्या जागी मीही गेले नसते.

त्यानंतर एकदाच तशी वेळ आली, तीन वर्षांपूर्वी. वेगळा माणूस, वेगळं भांडण, सख्ख्या भावाशी, जमिनीवरून. या वेळी मी सेशन संपवलं नाही. अर्धा तास लांबवलं. बोलून राग उतरला नाही तेव्हा म्हटलं, "पहिल्या दिवशी मी एक ओळ मोठ्यानं वाचली होती, आठवते? मला आता तुमच्या भावाला फोन करावा लागणार आहे. तुमच्यापासून लपवून करणार नाही. तुम्ही इथे बसलात तरी चालेल." तो बराच वेळ खाली बघत राहिला. मी फाइल उघडली, नातेवाइकांच्या रकान्यातला नंबर लावला. बंद.

त्यानं मान वर केली, खिशातून स्वतःचा फोन काढला आणि म्हणाला, "तो जुना आहे. लिहा." एकेक आकडा वाचून दाखवला. माझा हात थरथरत होता, एक आकडा चुकला, तर त्यानं पुन्हा सुरुवातीपासून सांगितला.

पुढच्या मंगळवारी तो आला होता.